विश्लेषण : रोजच्या कोंडीत डिझेल एसयूव्ही ‘गुदमरते’ कशी? धायरीतल्या मालकांनी काय पाहायला हवे?

धायरी फाट्यावरून सकाळी साडेआठला निघालेली एसयूव्ही स्वारगेटला पोहोचेपर्यंत क्वचितच तिसऱ्या गिअरच्या पुढे जाते. गाडी वीस लाखांची, इंजिन घाट चढण्यासाठी बनलेले आणि काम मात्र वडगाव, माणिकबाग, आनंदनगर, दांडेकर पूल असे रांगत जाण्याचे. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटर म्हणते, ‘साहेब, गाडी जरा हायवेला मारून आणा.’ मालकाला वाटते, आपल्याला टोलवले जात आहे. प्रत्यक्षात तो सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. पण गाडी विकताना तो कुणी दिलेला नसतो. युटिलिटी गाड्यांच्या मालकांना येणाऱ्या अडचणींपैकी कोणत्या गाडीच्या, कोणत्या रस्त्याच्या आणि कोणत्या वापराच्या, याचा हा आढावा.

‘युटिलिटी’ गाडी कोणती, हे कोण ठरवते?

शोरूममध्ये हल्ली उंच दिसणारी प्रत्येक गाडी एसयूव्ही असते. कर खात्याची व्याख्या मात्र काटेकोर होती. जुलै २०२३ मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५०व्या बैठकीत तीन निकष स्पष्ट झाले : लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठे आणि गाडी रिकामी असताना ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा अधिक. हे तिन्ही पूर्ण करणाऱ्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. आता छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि बाकीच्यांवर ४० टक्के असे दोनच टप्पे उरले.

बोलेरोची लांबी ३,९९५ मिलिमीटरच का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन दीड लिटरच्या आत असेल तर ती ‘छोटी’ गाडी. महिंद्राने जानेवारी २०२३ मध्ये थारला दीड लिटरचे डिझेल इंजिन दिले, त्यामागेही हाच हिशेब. २.२ लिटरची थार आणि दीड लिटरची थार लांबीला सारखीच. पण आज एकीवर ४० टक्के कर आहे आणि दुसरीवर १८.

वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांतली सुमारे २८ लाख, म्हणजे ६५ टक्के, युटिलिटी प्रकारातली होती. त्यामुळे हा आता हौशी मंडळींपुरता विषय राहिलेला नाही.

धायरीत या गाड्या चालतात कशामुळे?

जुन्या पिढीला ‘वडाप’ची जीप, ट्रॅक्स आणि १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो आठवते. सुमो हे नाव टेल्कोचे माजी प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आले. त्या गाड्यांचे गुण साधे होते : माणसे भरपूर बसतात, माल मावतो, खड्ड्यात अडकत नाहीत आणि कुठल्याही गावात मिस्त्री सापडतो. बोलेरो आजही याच गुणांवर चालते. तिचा सांगाडा लोखंडी शिडीसारख्या चौकटीवर बसवलेला आहे, मागे पाटे आहेत, मागची चाके गाडी ढकलतात. रिकाम्या गाडीत मागे बसणाऱ्याची कंबर हलते. पण पोती भरली की तीच गाडी शांत होते. ती ओझ्यासाठीच बनली आहे.

एक्सयूव्ही ७००, हॅरियर, क्रेटा यांची रचना वेगळी. यांत सांगाडा आणि बॉडी एकच असते. वळणावर गाडी कमी झुकते, मागे बसणाऱ्याला त्रास कमी होतो, आत जागा जास्त मिळते. डीएसके विश्वचा चढ असो वा रविवारी सिंहगडाचा घाट, कमी फेऱ्यांवर मिळणारी डिझेल इंजिनाची ओढ येथे उपयोगी पडते. सात माणसे आणि सामान घेऊन साताऱ्याकडे किंवा कोकणात जायचे असेल तर या गाड्यांना पर्याय थोडे आहेत. मालक या गोष्टींवर खूश असतात आणि ते खरेही आहे. तक्रारी सुरू होतात त्या सोमवारी.

तो पिवळा दिवा कशाचा?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. डिझेल गाडीच्या धुरातली काजळी हवेत जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या वाटेत एक गाळणी आली, तिला डीपीएफ म्हणतात. आतून ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. धूर तिच्या सच्छिद्र भिंतींतून पार होतो, काजळी आत अडकते. गाळणी म्हटली की ती भरणार आणि रिकामी करावी लागणार. ही गाळणी झटकून साफ होत नाही. आतली काजळी जाळावी लागते.

जाळण्याचे दोन मार्ग आहेत. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात चालत असेल तर धूर पुरेसा गरम असतो आणि काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तसे झाले नाही तर इंजिनाचा संगणक पुढाकार घेतो. सिलिंडरमध्ये नेहमीची ठिणगी झाल्यावर, असे म्हणण्याचा मोह होतो. पण डिझेलमध्ये ठिणगी नसते. नेहमीचे ज्वलन झाल्यावर तो थोडे जादा डिझेल उशिराने फवारतो. ते धुराच्या वाटेवर जळते आणि गाळणीतले तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. याला ‘रिजनरेशन’ म्हणतात. त्याला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गाडी सलग चालत राहावी लागते.

गाडी मध्येच बंद केली तर काम अर्धवट राहते. पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा जादा डिझेल. असे वारंवार झाले की फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होते आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल कमी झाले तर काळजी करायची, हे सगळ्यांना माहीत असते. वाढले तरी काळजी करायची, हे या पिढीच्या डिझेल गाड्यांनी शिकवले.

रिजनरेशन सुरू आहे, हे बहुतेक गाड्या स्पष्ट सांगत नाहीत. खुणा ओळखाव्या लागतात : उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा जास्त, मायलेजचा आकडा अचानक खाली, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहणे, जळका वास. पार्किंगमध्ये हे दिसले की अनेक मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात. गाडी तिचे कामच करत असते.

पुण्याच्या वाहतुकीचा दोष किती?

‘टॉमटॉम’च्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातील सर्वांत संथ शहरांमध्ये चौथे होते. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. ही शहराची सरासरी आहे, गर्दीच्या वेळेची नाही.

धायरीतून स्वारगेट आठ-दहा किलोमीटरवर आहे. सिंहगड रस्त्यावरचा राजाराम पूल ते फनटाइम चित्रपटगृह हा उड्डाणपूल २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला, त्यामुळे मधला तुकडा सुटला. पण धायरी त्याच्याही पलीकडे आहे. फाटा, वडगाव आणि महामार्गाखालचा भाग पार केल्यावरच त्या पुलाचा फायदा मिळतो. इंजिन गरम होईपर्यंत अर्धा रस्ता संपतो आणि गाळणीला लागणारी सलग वीस मिनिटे कुठेच मिळत नाहीत. मुलांना नऱ्हे-आंबेगावच्या शाळेत सोडणे, भाजी आणणे, जवळच्या नातेवाइकांकडे जाणे अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तर गाळणी फक्त भरत जाते.

त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन मालकांची मते टोकाची निघतात. धायरीत राहून रोज शिरवळच्या कारखान्यात जाणाऱ्याला हा दिवा वर्षानुवर्षे दिसत नाही. तेच मॉडेल घेऊन रोज डेक्कनला जाणारा मात्र ‘गाडीत दोष आहे’ असे ठामपणे सांगतो. दोघेही खोटे बोलत नसतात. यंत्राला दोघांकडून मिळणारे काम वेगळे आहे. म्हणून दुसऱ्याचा अनुभव ऐकताना गाडीचे नाव विचारण्याआधी तो रोज किती आणि कुठे चालवतो, हे विचारलेले बरे.

दिवा लागला तर काय करायचे?

पहिला दिवा हा इशारा असतो, बिघाड नव्हे. मॅन्युअलमध्ये त्या गाडीसाठी वेग आणि वेळ दिलेली असते. साधारणपणे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास, वीस मिनिटे, न थांबता. धायरीकरांना त्यासाठी रस्ता जवळच आहे. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढ आहे. चढावर इंजिनावर भार येतो, धूर लवकर तापतो. बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या दिशेने गेले की बहुतेक वेळा काम होते. पहाटे किंवा रात्री उशिरा जावे, कारण याच रस्त्यावर संध्याकाळी वीस मिनिटे सलग चालणेही नशिबावर असते. आठवड्यातून एकदा अशी फेरी होत असेल तर दिवा लागण्याची वेळ सहसा येत नाही.

दिवा दिसूनही दुर्लक्ष केले तर पुढच्या टप्प्यात इंजिनाची ताकद मर्यादित होते. गाडी चालते, पण उचलत नाही. मग सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून सक्तीने काजळी जाळावी लागते. तेही जमले नाही तर गाळणी बदलणे हाच मार्ग उरतो आणि तो सर्वांत महाग आहे. येथे एक बारीक गोष्ट आहे. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साठते. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेले कमी राखेचे ऑइलच वापरायचे. बाहेरच्या गॅरेजमध्ये दोन-तीनशे रुपये वाचवून साधे ऑइल भरणे हा या गाड्यांतला सर्वांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार आहे.

‘डीपीएफ काढून टाकतो, कायमची कटकट मिटेल’ असे सांगणारेही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि ती काजळी शेवटी याच रस्त्यावर दुचाकीवर बसलेल्यांच्या छातीत जाते.

काही डिझेल एसयूव्हींमध्ये, उदाहरणार्थ एक्सयूव्ही ७०० मध्ये, आणखी एक टाकी असते : डीईएफची. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असे हे द्रावण नायट्रोजन ऑक्साइड कमी करते. ते संपू दिले तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. मोजणीचे संदेश खूप आधीपासून येतात. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून भरण्याचा प्रयोग कुणी करू नये. त्या द्रावणाची शुद्धता वेगळी असते आणि सेन्सर लगेच बिघडतो.

मग पेट्रोल घ्यावी का?

एक साधा हिशेब मांडता येतो. धायरीतून रोज येऊन-जाऊन २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला ६,००० किलोमीटर. समजा, कोंडीत पेट्रोल एसयूव्ही लिटरला १० आणि डिझेल १४ किलोमीटर देते. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरले. पेट्रोलचा खर्च वर्षाला सुमारे ६२ हजार, डिझेलचा सुमारे ३८ ते ३९ हजार. बचत २४ हजारांच्या आत. दोन्ही गाड्यांच्या किमतीत दीड लाखाचा फरक असेल तर तो भरून निघायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीवरचा वाहन करही पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे : दहा लाखांपर्यंत १३, वीस लाखांपर्यंत १४ आणि त्यापुढे १५ टक्के. वर्षाला १५-१८ हजार किलोमीटर आणि तेही बहुतांश महामार्गावर असतील तर हाच हिशेब उलटा होतो.

पेट्रोलवाल्यांची डोकेदुखी वेगळी. टर्बो पेट्रोल इंजिन कोंडीत मायलेजला फार उणे असते आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच, जुन्या धाटणीच्या, म्हणजे बिनइथेनॉलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींच्या मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के घट अपेक्षित असल्याचे म्हटले होते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला चालणारे आहेत. त्याआधीची पेट्रोल एसयूव्ही जुन्या बाजारात घेणाऱ्याने मॅन्युअल पाहून मगच व्यवहार करावा. रोजच्या थांबत-थांबत प्रवासासाठी इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाड्या सर्वांत सोयीच्या ठरतात, कारण रांगताना त्यांचे इंजिन बराच वेळ बंदच असते. त्यांची किंमत मात्र त्या सोयीप्रमाणेच आहे.

कंपन्यांनी स्वतः कोणते दोष मान्य केले?

सगळा दोष वापराचा नसतो. काही वेळा गाडीच चुकलेली असते आणि ते कंपन्यांनीच जाहीर केले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्राने १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये नाशिकच्या कारखान्यात भेसळयुक्त इंधन आल्यामुळे ६०० पेक्षा कमी डिझेल गाड्यांच्या इंजिनांची तपासणी करावी लागली. कोऱ्या गाडीचे इंजिन कारखान्यातल्या पहिल्या घोटाबरोबरच झिजू शकते, हे तेव्हा दिसले. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्लच हाउसिंगमधल्या रबरी भागासाठी १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन तपासायला घेतल्या गेल्या. ऑगस्ट २०२३ मधली घोषणा सर्वांत मोठी : ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात तयार झालेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० मध्ये इंजिनाच्या कप्प्यातली वायरिंग घासून कापली जाण्याची शक्यता तपासायची होती.

हे एकाच कंपनीचे दुखणे नाही. किआने २०२२ मध्ये ४४,१७४ कॅरेन्स एअरबॅगच्या सॉफ्टवेअरसाठी तपासल्या. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटाने डिझेल इंजिनांच्या अश्वशक्तीच्या प्रमाणपत्र चाचणीत अनियमितता आढळल्यामुळे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही काळ थांबवली होती. विश्वासाचे दुसरे नाव म्हणून ज्या गाडीकडे पाहिले जाते, तिच्याबाबतीतही हे घडले.

रिकॉल झाला म्हणजे गाडी वाईट, असे मालकांना वाटते. खरे तर ज्या गाडीचा दोष जाहीर झाला आणि फुकट दुरुस्त झाला, ती न जाहीर झालेल्यापेक्षा बरी. अडचण जुनी गाडी घेणाऱ्याची आहे. कंपनीचा निरोप पहिल्या मालकाच्या फोनवर गेलेला असतो. चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन प्रलंबित काम आहे का, हे पाच मिनिटांत कळते. वायरिंगचे आणखी एक : बाहेरून जादा दिवे, हॉर्न, अॅम्प्लिफायर बसवताना मूळ वायर कापली गेली असेल तर नंतरच्या कुठल्याही विद्युत बिघाडात कंपनी त्याच कापाकडे बोट दाखवते.

पाच तारे नवले पुलावर किती उपयोगी?

‘भारत एनकॅप’ ही देशाची स्वतःची अपघात चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे काम पाहणारी केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था पुण्यातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले पंचतारांकित निकाल आले ते पिंपरीच्या टाटा मोटर्सच्या हॅरियर आणि सफारीचे. त्याआधी ‘ग्लोबल एनकॅप’मध्ये एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन यांना पाच तारे मिळाले होते. एप्रिल २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत बोलेरो निओला एक तारा मिळाला. ‘पत्रा जाड, गाडी भारी, म्हणजे सुरक्षित’ हा समज त्या एका निकालाने खोटा ठरवला. आदळल्यावर पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चेपला पाहिजे आणि बसणाऱ्यांचा कप्पा शाबूत राहिला पाहिजे. ते पत्र्याच्या जाडीवर ठरत नाही.

तरीही तारे काय मोजतात, हे धायरीत राहणाऱ्याने नीट समजून घ्यावे. समोरून ताशी ६४ किलोमीटर, बाजूने ५० आणि खांबावर बाजूने २९ किलोमीटर वेगाने धडक, अशा या चाचण्या आहेत. मागून कंटेनर येऊन आदळणे यात नाही. आणि घरापासून तीन-चार किलोमीटरवरचा धोका नेमका तोच आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलावर उतारावरून आलेल्या ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच परिसरात कंटेनरच्या धडकेत आठ जणांचा जीव गेला. दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेल्या मोटारीचे काय झाले, ते छायाचित्रांत सर्वांनी पाहिले. तिथे कुठल्याही गाडीचे तारे पुरे पडत नाहीत. त्या उताराचा प्रश्न रस्त्याच्या रचनेचा आणि अवजड वाहनांच्या नियमनाचा आहे. तो शोरूममध्ये सुटणार नाही.

चालकाच्या हाती आहे ते एवढेच : बोगद्यापासून खाली येताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. डिझेल वाचते हा समज जुना झाला. आजची इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप बंद करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागते. पावणेदोन-दोन टनांची गाडी फक्त ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात. ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअर हाताने खाली घ्यावा. आणि मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावावा. सिंहगड रस्त्यावर हे अजूनही अपवादानेच दिसते. ‘अडास’ नावाची स्वयंचलित ब्रेकची सोय महामार्गावर खरोखर कामाची आहे. पण फाट्यावर दोन हातांच्या अंतरात दुचाकी घुसली की ती दचकून ब्रेक मारू शकते, म्हणून शहरात बरेच मालक तिची संवेदनशीलता कमी ठेवतात.

पाणी आणि उंदीर

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गानंतर एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा पार्किंगमधल्या अनेक गाड्या बुडाल्या. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली आहे. ती चालत्या गाडीची, नियंत्रित परिस्थितीतली. पाण्यात बुडालेली कुठलीही गाडी ‘लागते का बघू’ म्हणून चालू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, दांडा वाकतो. साधा विमा असे नुकसान बहुधा नाकारतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याने सनरूफपेक्षा तिच्यावर खर्च करावा.

धायरी-नऱ्ह्याच्या कडेला अजून शेते आणि मोकळे प्लॉट आहेत, त्यामुळे वायर कुरतडणारे उंदीर ही नित्याची गोष्ट. वॉरंटीत ते बसत नाही. गाडी चार-चार दिवस उभी ठेवू नये, हा उपाय डीपीएफलाही लागू पडतो, फक्त कारण वेगळे.

सर्व्हिस सेंटर ऐकत नसेल तर?

पहिली गोष्ट : तक्रार तोंडी सांगू नये. दर वेळी जॉब कार्डवर ती आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत ठेवावी. ‘जनरल चेकअप’ असे लिहिलेले पाच कागद काही सिद्ध करत नाहीत. ‘डीपीएफचा दिवा, तिसरी वेळ, ऑइलची पातळी वाढलेली’ असे लिहिलेले तीन कागद करतात. आधी महामार्गावर फेरी मारली होती, हेही त्यात नोंदवावे. ‘तुमच्या वापराचा दोष’ हे उत्तर तिथेच अडते.

एकाच मॉडेलमध्ये तोच दोष अनेकांना येत असेल तर मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत : सात वर्षांपेक्षा जुनी नसलेली वाहने, तक्रारींची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास कारवाई आणि १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड. पण संख्या मोजली जाण्यासाठी तक्रारी परिवहन मंत्रालयाकडे नोंदलेल्या असाव्या लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा राग तिथे मोजला जात नाही.

वैयक्तिक नुकसानीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगातच चालते आणि कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी ग्राहक स्वतः राहतो तिथे ती दाखल करू शकतो. २० ते ५० लाखांच्या गाडीसाठी शुल्क १,००० रुपये आहे. तक्रार ‘ई-जागृती’वरून ऑनलाइन भरता येते.

निकाल काय लागतो? गाडी बदलून मिळणे अवघड आहे, हे आधीच माहीत असावे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात, बिघडलेला भाग बदलून काम होत असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याची गरज नाही, असे म्हटले होते. दुसरीकडे एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने दिलेला निकाल कायम ठेवला. भरपाई आणि गाडी बदलून देणे, दोन्ही. धडकेचा वेग आणि बळ यांचे गणित मांडायला ग्राहक भौतिकशास्त्रज्ञ नसतो, असे निरीक्षण त्यात होते. सुरक्षेशी निगडित दोष आणि त्रासदायक दोष यांत न्यायालय फरक करते, असा या दोन निकालांचा अर्थ लावता येतो.

दोष कागदावरून दिसत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. अशा वेळी बाहेरच्या गॅरेजमध्ये काढलेला, बदललेला किंवा ‘साफ’ केलेला भाग मालकाच्या विरोधात जातो. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे ऐकत दोन पावसाळे गेले की, उशीर का झाला हे आधी पटवून द्यावे लागते.